आवाज सोळा सेकंद उशिरा येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रावर जाऊन आलेल्या अंतराळवीरांच्या मुलाखती आणि त्या काळचं चित्रीकरण जोडून केलेला एक माहितीपट प्रश्नकर्त्याने सभागृहात बसून पाहिला. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. शेजारचा कॉलेजातला मुलगा ‘सगळं स्टुडिओत केलंय’ म्हणून हसत होता. बरोबर आलेला मित्र मधला अर्धा तास झोपला होता. बाहेर पडताना एक गृहस्थ ‘एवढ्या पैशांत काय काय झालं असतं’ असं तावातावाने सांगत होते. एकाच पडद्यावर एकच गोष्ट पाहून इतक्या तऱ्हा का? आणि दाखवतात त्यातलं खरं किती, जोडलेलं किती?

मी माहितीपटांचा संकलक आहे. दुसऱ्यांनी टिपलेलं जुनं फुटेज कापायचं आणि जोडायचं, हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. अमेरिकेच्या अपोलो चंद्रमोहिमांचं फुटेज बरेचदा माझ्या टेबलावर आलं आहे, आणि अशा माहितीपटांच्या खेळानंतर प्रेक्षकांसमोर उभं राहून उत्तरं द्यायची वेळही आली आहे. तेव्हा हे उत्तर संकलकाचं समजा. खगोलशास्त्रज्ञ कदाचित वेगळं देईल.

त्या हसणाऱ्या मुलापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सभागृहात सगळ्यात लक्ष देऊन तोच पाहत होता. अशा मुलांशी मी वाद घालत नाही. नेमकं कुठे खटकलं, एवढंच विचारतो. बहुतेक वेळा ते ज्या जागेवर बोट ठेवतात तिथे खरोखरच आमचा हात फिरलेला असतो. त्यांची पाल बरोबर चुकचुकते, फक्त तिथून ते थेट ‘चंद्रावर कुणी गेलंच नाही’ इथे उडी मारतात.

माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या अपोलो ११ च्या उड्डाणाचंच घ्या. सोळा जुलै १९६९, सकाळी ९ वाजून ३२ मिनिटं. १११ मीटर उंचीचं सॅटर्न-५ रॉकेट हलतं, पाच इंजिनांतून आग बाहेर पडते आणि त्याच क्षणी सभागृहाच्या खुर्च्या थरथरायला लागतात. आता विचार करा. पत्रकारांची जागा उड्डाणतळापासून सुमारे साडेपाच किलोमीटरवर होती. आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर चालतो. म्हणजे तिथे उभ्या असलेल्या माणसाला आग दिसल्यापासून आवाज पोचेपर्यंत सोळा सेकंद लागले असणार. रॉकेट शेजारचा मनोरा ओलांडून वर निघायला बारा-तेरा सेकंद लागले. थोडक्यात, ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिलं त्यांनी रॉकेट उठताना पाहिलं ते जवळजवळ मुकं. उलटगणतीचा कर्ण्यावरचा आवाज, आजूबाजूची कुजबुज, आणि समोर एक इमारत आगीवर उभी राहून सरकते आहे. मग छातीवर थाप बसावी तसा तो गडगडाट आला.

हे असंच ठेवलेला माहितीपट मला तरी क्वचितच दिसला. आम्ही आवाज ओढून ज्वाळेच्या पहिल्या चौकटीवर (फ्रेमवर) आणून बसवतो, कारण पडद्यावर स्फोट दिसला आणि आवाज आला नाही की प्रेक्षक मागे वळून प्रोजेक्टरच्या खोलीकडे बघतो. शिवाय जुन्या ध्वनिफितींना असा आवाज झेपत नाही, काटा लाल पट्टीत चिकटून बसतो आणि ऐकायला मिळते ती निव्वळ खरखर. मग खालचा घुमारा वेगळा, वरची तडतड वेगळी, असे चार थर लावून तो ‘मूळ’ आवाज तयार होतो. त्यात लबाडी नाही असं मी म्हणणार नाही. स्वयंपाकात मीठ असतं तेवढी ती असते.

तळाजवळच्या शॉटमध्ये बर्फाचे पापुद्रे सावकाश गळत असतात आणि आग कापसासारखी फुगत असते. तो कॅमेरा सेकंदाला ५०० चौकटी टिपत होता, म्हणून अर्ध्या मिनिटाचा प्रसंग पडद्यावर आठ मिनिटं चालू शकतो. बर्फ कुठून आला, तर आत उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन भरलेला, त्यामुळे बाहेरच्या हवेतलं बाष्प टाकीच्या अंगावर गोठलेलं. इंजिनाच्या तोंडाशी आधी काळपट पट्टा आणि मग ज्वाळा दिसते, तेही पुष्कळांना बनावट वाटतं. पंप फिरवून झालेला तुलनेने थंड आणि काजळीचा वायू तोटीच्या आतल्या भिंतीलगत सोडलेला असतो, भिंत वितळू नये म्हणून. हा तो पट्टा.

यापुढचा शॉट सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रॉकेटचा खालचा भाग सुटून पृथ्वीकडे पडतो, मग एक मोठं कडं गटांगळ्या खात दूर जातं, खाली निळा समुद्र. मागे आर्मस्ट्राँगचा आवाज लावलेला असतो. हा शॉट अपोलो ११ चा नाहीच. तो नोव्हेंबर १९६७ मधल्या अपोलो ४ आणि एप्रिल १९६८ मधल्या अपोलो ६ या माणूस नसलेल्या चाचणी उड्डाणांचा आहे. रॉकेटच्या पोटात बसवलेले कॅमेरे काम झाल्यावर कुपीसकट बाहेर फेकले गेले, पॅराशूटने समुद्रात उतरले आणि तिथून उचलून आणले. शॉट इतका देखणा की तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक मोहिमेच्या गोष्टीत तो चिकटवला जातो. मीही चिकटवला आहे. खाली छोटी ओळ टाकूया असं मी सुचवलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, लय तुटते. त्यांचंही चुकलं असं नाही. पण ती ओळ नसल्यामुळे ज्याला हे कळतं त्याचा पुढच्या तासाभरावरचा विश्वास उडतो, आणि तो तोटा कुणाच्या हिशोबात धरला जात नाही.

अशी उसनवारी ओळखायची असेल तर दोन-तीन खुणा लक्षात ठेवा. कमांडरच्या हातापायांवर लाल पट्टे दिसले तर ती मोहीम अपोलो ११ किंवा १२ नव्हे. पोशाख घातलेल्या दोघांतला कोण कोणता हे फोटोत ओळखू येईना, म्हणून ते पट्टे नंतर आले. चंद्रावर ते पहिल्यांदा दिसले १९७१ मध्ये, अपोलो १४ ला. चार चाकांची गाडी दिसली तर अपोलो १५, १६ किंवा १७. आणि चंद्राच्या जमिनीवरून आलेलं दूरदर्शन-चित्र रंगीत असेल तर ते ११ चं नाही, त्यांचा तो कॅमेरा कृष्णधवल होता. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातल्या दृश्यांची तर वेगळीच कथा. तिथे १६ मिलिमीटरवर चित्रण झालं ते बहुतेक मुकं. माणसांचे ओठ हलतात आणि आवाज नाही. दुसरीकडे ह्यूस्टनला संभाषणाच्या हजारो तासांच्या फिती पडून होत्या. स्टीफन स्लेटर या ब्रिटिश अभिलेख-संशोधकाने कोणता माणूस कोणत्या क्षणी काय म्हणतो आहे हे ओठांवरून आणि मागच्या घड्याळांवरून जुळवत तो आवाज त्या चित्रांना परत मिळवून दिला. आमच्या धंद्यात याला सिंक लावणं म्हणतात. एका मिनिटाच्या लग्नाच्या व्हिडिओला सिंक लावतानाही नाकी नऊ येतात, यावरून त्या कामाची कल्पना करा.

आकाशात तारे का नाहीत आणि झेंडा का फडफडतो, यावर फार वेळ घालवत नाही. भर उन्हातली पांढरी माणसं टिपायला कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडी ठेवली तर मंद तारे फिल्मवर उमटायचे नाहीत. झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती, अपोलो ११ ला ती पूर्ण ताणलीच गेली नाही, त्या चुण्या. त्यापेक्षा चांगली शंका मला एका शाळकरी मुलीने विचारली होती: फोटो इतके लख्ख आणि थेट प्रक्षेपण भुतासारखं, असं का? कारण फोटो फिल्मवर होते, हातात घेऊन घरी आणले. दूरदर्शनचं चित्र तिथून रेडिओलहरींवर पाठवायचं होतं, जागा थोडी होती, म्हणून ते सेकंदाला १० चौकटी आणि ३२० रेषा एवढंच होतं. घरोघरचे संच तसं चित्र दाखवू शकत नव्हते. मग पृथ्वीवरच्या केंद्रांत ते एका पडद्यावर लावून त्यासमोर नेहमीचा कॅमेरा धरला आणि तो जे पाहील ते जगाला दाखवलं. पडद्याचा फोटो काढल्यावर जे होतं तेच झालं. मूळ, जास्त स्पष्ट चित्र ज्या फितींवर होतं त्या पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, हे नासाने २००९ मध्ये मान्य केलं. संशयखोरांना हे कोलीतच मिळालं. कपाटात जागा नाही म्हणून कोणत्या कोणत्या संस्थांनी काय काय पुसलं आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे मला यात कट दिसत नाही, नेहमीचा निष्काळजीपणा दिसतो.

आता त्या डोळे पुसणाऱ्या बाई. या माहितीपटांत रडू कुठे येतं हे मी सभागृहाच्या कडेला अंधारात उभं राहून अनेकदा पाहिलं आहे. चंद्रावर पहिलं पाऊल पडतं तिथे येत नाही, तिथे टाळ्या येतात. रडू येतं ते एका कटवर. ऐंशीच्या घरातला माणूस कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघत काहीतरी सांगत असतो, थांबतो, डोळे मिटतो, आणि पुढची चौकट त्याच माणसाची, अडतिसाव्या वर्षातली, हेल्मेट चढवताना. अपोलो ११ चे आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स तिघेही १९३० साली जन्मलेले. उड्डाणाच्या वेळी चाळिशीही गाठलेली नव्हती. हा कट डोळे मिटण्याच्या चार-पाच चौकटी आधी मारला तर काहीच होत नाही. पापणी पूर्ण खाली येऊ द्यावी लागते.

हे मला उशिरा कळलं. उमेदवारीच्या काळात मी एका निवृत्त खलाशाची मुलाखत कापत होतो. ‘मग त्या रात्री काय झालं?’ यावर तो जवळजवळ अकरा सेकंद काहीच बोलला नव्हता. मी ती जागा स्वच्छ कापून टाकली, प्रश्नाला उत्तर चिकटवलं आणि वेळ वाचवला म्हणून खूश झालो. पहिल्या खेळाला तिथे कुणी ढिम्म हललं नाही. दिग्दर्शकाने काही न बोलता ती अकरा सेकंदं परत लावायला सांगितली. दुसऱ्या खेळाला त्या जागी लोकांचं खोकणं थांबलं. अंतराळवीरांच्या मुलाखतीत या जागा फार मौल्यवान असतात, कारण यातली बहुतेक माणसं मुळात चाचणी वैमानिक. भावना विचारली की आकडा सांगतील, अशी घडण. त्यांचं थांबणं हेच पुष्कळदा उत्तर असतं.

संगीताबद्दल माझी एक तक्रार आहे. चोवीस डिसेंबर १९६८, अपोलो ८ चंद्राभोवती चौथी फेरी मारत आहे. क्षितिजावर पृथ्वी वर येते आणि बिल अँडर्स तो जगप्रसिद्ध फोटो काढतो. माहितीपटात इथे हमखास व्हायोलिनं चढायला लागतात. यानातल्या ध्वनिमुद्रणावर प्रत्यक्षात जे आहे ते ऐका. अँडर्सला ती दिसते आणि तो ओरडतो. फ्रँक बोरमन थट्टेत म्हणतो, काढू नकोस, कार्यक्रमपत्रिकेत नाही. अँडर्स रंगीत फिल्मचा रोल मागतो, लवकर दे, लवकर. जिम लोव्हेल शोधतो आहे. यान वळत असल्यामुळे खिडकीतून पृथ्वी निसटते, अँडर्सला वाटतं गेलीच, तेवढ्यात लोव्हेलला दुसऱ्या खिडकीत सापडते. गाडी सुटताना खिडकीतून पिशवी देणाऱ्यांची जशी धांदल असते, अगदी तशी. एका संकलनात मी संगीत काढून ही धांदल तशीच ठेवली होती. लोक आधी हसले, आणि मग फोटो पडद्यावर स्थिर झाला तेव्हा जी शांतता पसरली ती मला व्हायोलिनांनी कधी मिळवून दिलेली नाही. शेवटच्या प्रतीत संगीत परत आलं, तो भाग वेगळा.

कॉलिन्सवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली उतरले तेव्हा मुख्य यानात मायकेल कॉलिन्स एकटा राहिला, सुमारे २८ तास. दर फेरीत चंद्राच्या पलीकडे गेला की ४८ मिनिटं कुणाशीही संपर्क नाही. एका खेळानंतर सत्तरीच्या एका आजींनी विचारलं, ‘त्याला एकटं वाटलं नाही का हो?’ त्याचं स्वतःचं सांगणं असं की नाही, उलट एक प्रकारचं समाधान होतं, जवळजवळ उल्हास. भीती होती ती वेगळीच. चंद्रावरून उठणाऱ्या छोट्या यानाला एकच इंजिन, पर्यायी काही नाही. ते पेटलं नाही तर त्या दोघांना तिथे सोडून एकट्याने परत यावं लागेल, ही धास्ती आपण सहा महिने कुणाला न सांगता बाळगली, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आजींनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे दार उघडं ठेवून जागं राहायचं काम त्याचं.’ यानंतर कॉलिन्सबद्दल कुणी काही विचारलं की मी हेच वाक्य सांगतो. माझ्या सगळ्या उत्तरांपेक्षा ते बरं आहे.

मुलाखतींतून प्रेक्षकांना कॉलिन्स जास्त जवळचा वाटण्यामागे आणखी एक साधं कारण आहे: त्याला गोष्ट सांगता यायची आणि स्वतःवर हसता यायचं. २०२१ मध्ये तो गेला. त्याआधी २०१२ मध्ये आर्मस्ट्राँग, पुढे मिचेल, सर्नन, यंग, बीन. चंद्रावर बारा जण चालले, त्यातले आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. अशा मुलाखती घ्यायच्या राहिल्या की राहिल्याच, ही घाई तुम्ही पाहिलेल्या माहितीपटाच्या प्रत्येक निकटदृश्यात जाणवत असेल.

झोपलेल्या मित्राला दोष देऊ नका. शेवट सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, वर सगळे एका सुरात बोलतात. कंटाळ्याची तक्रार मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली आहे आणि तिच्यात आमचा वाटा मोठा आहे. अपोलो ११ चा चंद्रावर उतरण्याचा प्रसंग घ्या. इंजिन पेटल्यापासून जमिनीला पाय लागेपर्यंत साडेबारा मिनिटं. आम्ही ती चार मिनिटांवर आणतो, म्हणजे नाट्य कापतो आणि परिभाषा ठेवतो. मध्येच ‘बारा-शून्य-दोन’ असा इशारा येतो, संगीत जोर धरतं, आणि प्रेक्षकाला एवढंच कळतं की काहीतरी बिनसलं.

काय बिनसलं ते दोन ओळींत सांगता येतं. यानाच्या संगणकाची खोडता येणारी स्मृती (मेमरी) जेमतेम २,०४८ शब्दांची. एका रडारच्या जोडणीमुळे त्याच्यावर नसतं काम येऊन पडलं आणि हातातलं सगळं वेळेत होईना, म्हणून तो ओरडायला लागला. मात्र त्याची रचना अशी होती की कमी महत्त्वाची कामं टाकून द्यायची आणि यान सांभाळायचं काम चालू ठेवायचं. पृथ्वीवर २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सने काही सेकंदांत ठरवायचं होतं, उतरायचं की माघारी. त्याच्या मदतीला मागच्या खोलीत बसलेला २४ वर्षांचा जॅक गार्मन. आधीच्या एका सरावात अशाच इशाऱ्याने सगळे गोंधळले होते, त्यानंतर गार्मनने सगळ्या इशाऱ्यांची यादी हाताने लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. त्याने यादी पाहिली आणि सांगितलं, सारखा-सारखा येत नसेल तर चालू द्या. हा कागद पडद्यावर दोन सेकंद दाखवला असता तर तुमचा मित्र जागा राहिला असता, असं मला वाटतं. परीक्षेच्या आदल्या रात्री काढलेल्या टिपणाची किंमत कुणाला कळत नाही?

त्या सपाट आवाजांचंही तसंच. अंतराळवीरांच्या छातीला तारा लावलेल्या असत आणि हृदयाचे ठोके पृथ्वीवर नोंदले जात. उड्डाणाच्या क्षणी आर्मस्ट्राँगचे मिनिटाला ११०, कॉलिन्सचे ९९, ऑल्ड्रिनचे ८८. खाली दगडांनी भरलेला खळगा दिसला, आर्मस्ट्राँगने यान हाताने पुढे नेलं, इंधनाचा हिशोब सेकंदांवर आला, तेव्हा त्याचा आकडा १५० पर्यंत चढला. आवाज मात्र बाजाराची यादी वाचल्यासारखा. हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात ठेवला की तोच सपाट आवाज ऐकवत नाही, इतका ताण त्यात भरतो. उतरल्यावर ह्यूस्टनमधून चार्ली ड्यूक बोलला की इथे बरीच माणसं श्वास रोखून निळी पडायच्या बेतात होती. ड्यूक पुढे अपोलो १६ मधून स्वतः चंद्रावर गेला. म्हातारपणीच्या मुलाखतीतही तो ते वाक्य आठवून हसतो तेव्हा त्याचा हात नकळत छातीकडे जातो. बघा पुन्हा पाहिलात तर.

पैशांबद्दल बोलणाऱ्या गृहस्थांना मी ‘अज्ञानी’ म्हणणार नाही. हा आक्षेप १९६९ मध्येच घेतला गेला, तोही उड्डाणतळाच्या दाराशी. उड्डाणाच्या आदल्या दिवशी नागरी हक्क चळवळीचे नेते रेव्हरंड राल्फ ॲबरनाथी गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन तिथे पोचले. नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. उद्या बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असेल तर आम्ही दाबणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. ॲबरनाथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली आणि काही कुटुंबांना उड्डाण पाहायला आत जागा मिळाली. अपोलोचा खर्च अमेरिकेच्या काँग्रेसला १९७३ मध्ये सांगितला गेला तो सुमारे २५ अब्ज डॉलर. ही भेट माहितीपटात दोन मिनिटं असती तर त्या गृहस्थांना बाहेर येऊन तावातावाने बोलावं लागलं नसतं. प्रेक्षकाच्या मनातली शंका पडद्यावर कुणीतरी बोलून दाखवली की तो पुढचं मोकळेपणाने बघतो. ती गाळली की तो तीच घेऊन शेवटपर्यंत बसतो.

‘यात बायका कुठे आहेत?’ ही प्रतिक्रियाही हल्ली हटकून येते आणि ती रास्त आहे. जुन्या कॅमेऱ्यांनी जिकडे पाहिलं तेच आम्हाला मिळतं. उड्डाण कक्षाच्या चित्रणात पांढऱ्या सदऱ्यांच्या रांगाच रांगा, त्यात अपोलो ११ च्या वेळी एकटी जोॲन मॉर्गन. यानाच्या संगणकाचा कायमचा कार्यक्रम (प्रोग्राम) तारांच्या रूपात हाताने विणणाऱ्या कारखान्यातल्या स्त्रिया, तो कार्यक्रम लिहिणाऱ्या चमूची प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन. आणि अंतराळवीरांच्या घरी थांबलेल्या बायका. त्यांच्या घरांत नासाने एक छोटा ध्वनिक्षेपक बसवलेला असे, यानाशी चाललेलं बोलणं त्यातून ऐकू येई. स्वयंपाकघरात कान लावून बसलेल्या त्या बायकांकडे माहितीपट वळला की सभागृहातला अर्धा भाग पहिल्यांदा सावरून बसतो.

कुणी असंही विचारतं की परत आल्यावर हे सगळे अध्यात्माकडे कसे वळले. सगळे नाही वळले. एड मिचेलला परतीच्या वाटेवर, यान सावकाश फिरत असताना खिडकीतून आळीपाळीने पृथ्वी, चंद्र, सूर्य दिसत होते, तेव्हा काहीतरी जाणवलं आणि त्याने उरलेलं आयुष्य त्याच्या मागे घालवलं. ॲलन बीन १९८१ मध्ये नोकरी सोडून चित्रकार झाला. आपल्या पोशाखावरच्या कापडी चिन्हांत अडकलेली चंद्राची धूळ तो रंगांत मिसळायचा. लोव्हेलला एवढंच आठवायचं की अंगठा समोर धरला तर त्याच्यामागे सगळी पृथ्वी लपते. संकलनात मात्र मिचेलचं बोलणं नेहमी शेवटाकडे ठेवलं जातं, म्हणून प्रेक्षकाला वाटतं सगळ्यांचा मुक्काम तोच. क्रम आमचा असतो.

शेवटी पुन्हा तो मुलगा. बहुतेक त्याने तुम्हाला हेही विचारलं असेल: चंद्रावरून यान उठताना कॅमेरा त्याच्यामागे वर वळतो, मग खाली कॅमेरा धरून कोण उभं होतं? कुणीच नाही. कॅमेरा चंद्रावरच्या त्या चार चाकांच्या गाडीवर होता आणि तो ह्यूस्टनमधून एड फेंडेल हलवत होता. आज्ञा चंद्रावर पोचायला सव्वा सेकंदाहून थोडं जास्त, चित्र परत यायला तेवढंच. म्हणजे दिसल्यावर कळ दाबून उपयोग नाही, यान हलण्याच्या आधीच दाबायला हवी, नुसत्या घड्याळावर. त्याला १७ चं उड्डाण लगेच दाखवू नका. आधी अपोलो १५ चं दाखवा: कॅमेरा वर वळवणारी यंत्रणा बिघडलेली, यान उठून चौकटीबाहेर जातं आणि मागे नुसती रिकामी जमीन दिसत राहते. मग १६ चं: गाडी ठरल्यापेक्षा जवळ उभी केली होती, त्यामुळे सगळा हिशोब चुकला आणि यान पुन्हा निसटलं. यानंतर डिसेंबर १९७२, अपोलो १७. यान उठताना सोनेरी कागदाचे कपटे चहूकडे उडतात. त्या कॅमेऱ्यात रंगासाठी एक गाळणीचं चाक फिरत असे, त्यामुळे वेगाने उडणारा प्रत्येक कपटा लाल, हिरवा, निळा असा सुटा-सुटा दिसतो. खाली ज्वाळा दिसत नाही, कारण त्या इंधनाची आग पोकळीत जवळजवळ बिनरंगी असते. कॅमेरा या वेळी वेळेवर वर वळतो. आवाज बंद ठेवून दाखवा, तिथे तो नव्हताच.